कांचेच्या टाकींतील समुद्र

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्हांस अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत कांहीं दिवस राहण्याचा योग आला. आमच्या शाळेंतून शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन गेलेला एक विद्यार्थी हल्लीं तेथें इंजिनियर आहे. त्याच्याच घरीं आमचा मुक्काम होता. पहिल्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर तो म्हणाला, "सर, आपणांस एक वस्तु दाखवायची आहे, पण जिना उतरतांना डोळे मिटून घ्या." आम्ही त्याचा हात धरून तळघरांत उतरलों व त्यानें सांगतांच डोळे उघडले. समोर पुरुषभर लांबीची एक कांचेची टाकी होती आणि तींत समुद्राचा जिवंत तुकडा उभा होता. जांभळे, हिरवे, केशरी प्रवाळ एकाशेजारीं एक उगवले होते. त्यांचे असंख्य इवले हात पाण्याच्या लाटेसरशीं हलत होते. आणि त्यांमधून पिंवळे व निळे मासे असे निर्धास्त फिरत होते कीं, जणूं हेंच त्यांचें कुळागर!

परत आल्यावर त्या टाकीचीं छायाचित्रें आम्हीं नववीच्या वर्गांत दाखविलीं. तास संपतांना मागच्या बांकावरील एका मुलानें विचारलें, "सर, अशी टाकी आपण शाळेंत कां करूं नये?" वर्गांत हंशा पिकला, पण आम्हांस कांहीं हंसूं आलें नाहीं. कारण त्या प्रश्नाबरोबर आम्हांस एक जुनी बरणी आठवली. पुष्कळ वर्षांपूर्वीं कोंकणच्या किनाऱ्यावरील एका सहलींत आम्हींच मुलांस सांगून खडकांतल्या डबक्यांतून लहान खेकडे, शंख व दोन समुद्रफुलें एका मोठ्या बरणींत भरून आणविलीं होतीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं प्रयोगशाळेचें दार उघडलें तों दुर्गंधीनें उभें राहवेना. बरणींतील एकही जीव जिवंत नव्हता. दोष मुलांचा नव्हता, समुद्राचाही नव्हता. पाणी म्हणजे काय हें न जाणतां आम्हीं जीव कोंडले, हा आमचा दोष होता. म्हणून त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत न देतां येथें सविस्तर देण्याचें योजिलें आहे.

प्रवाळ म्हणजे काय?

प्रथम प्रवाळाची ओळख करून घेऊं. आपल्याकडे पोंवळें म्हटलें म्हणजे अंगठींतला तांबडा खडा डोळ्यांपुढें येतो. पुष्कळांस तो दगड वाटतो. समुद्रांत उगवलेलें प्रवाळ पाहिलें तर तें झाड वाटतें. वस्तुतः प्रवाळ हा प्राणी आहे. फ्रान्समधील पेसोनेल नामक वैद्यानें अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत हें प्रतिपादिलें, तेव्हां विद्वानांनीं त्याचें म्हणणें सहजासहजीं मानलें नाहीं. एकेक प्रवाळजीव म्हणजे तोंडाभोंवतीं बारीक हातांचें कडें असलेली एक लहानशी पिशवी होय. असे सहस्रावधि जीव एकमेकांस जोडून राहतात आणि समुद्राच्या पाण्यांतील चुना घेऊन आपल्याखालीं सांगाडा रचतात. पिढ्यान् पिढ्या हें काम चालून खडक बनतो. लक्षद्वीपचीं बेटें अशाच खडकांवर उभीं आहेत.

याहून नवलाची गोष्ट पुढेंच आहे. खडक रचणाऱ्या प्रवाळाच्या शरीरांत डोळ्यांस न दिसणारीं सूक्ष्म शेवाळें राहतात. तीं सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात व त्यांतील मोठा वांटा यजमानास देतात. यजमान त्यांस आश्रय व खत पुरवितो. पाणी नेहमींच्या उन्हाळ्यापेक्षां एखादाच अंश अधिक तापून कांहीं आठवडे तसेंच राहिलें तर हा सहवास मोडतो; शेवाळें निघून जातात, प्रवाळ पांढरा फटफटीत पडतो आणि ताप लवकर न उतरला तर उपाशीं मरतो. १९९८, २०१० व २०१६ या सालीं जगांतील प्रवाळांवर हें संकट कोसळलें, आणि २०२४ च्या एप्रिल महिन्यांत चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा शास्त्रज्ञांनीं केली. तेव्हां ज्यास हा जीव घरांत ठेवावयाचा आहे, त्यानें एवढें ध्यानीं धरावें कीं, एका अंशाच्या चुकीलाही येथें क्षमा नाहीं.

या विद्येचा थोडा इतिहास

कांचेंत समुद्र ठेवण्याची हौस नवी नाहीं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं लोकांसाठीं पहिलें मत्स्यालय उघडलें. त्या कामीं झटणाऱ्या फिलिप हेन्री गॉस या निसर्गाभ्यासकानें पुढील वर्षीं त्या विषयावर ग्रंथ लिहिला. ग्रंथ लोकांस इतका आवडला कीं घरोघरीं कांचेच्या टाक्या आल्या आणि हौशी लोकांच्या झुंडी किनाऱ्यावर लोटल्या. परिणाम काय झाला? गॉसचा मुलगा एडमंड यानें १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत खेदानें नमूद केलें आहे कीं, लहानपणीं पाहिलेलीं तीं जिवंत डबकीं या हौसेपायीं उजाड झालीं. ज्यानें समुद्रावर प्रेम करण्यास शिकविलें, त्याच्याच शिकवणीनें किनारा लुटला जावा, याहून मोठें दुःख शिक्षकास कोणतें?

त्या काळच्या टाक्यांत प्रवाळ मात्र जगत नसत. जाकार्ता येथील ली चिन एंग या गृहस्थानें १९६१ सालीं एका मासिकांत आपली रीत प्रसिद्ध केली. तो समुद्रांतील सजीव खडक व समुद्राचेंच पाणी टाकींत घालीत असे, हवेचे बुडबुडे सोडीत असे, आणि शुद्धीकरणाचें काम त्या खडकांतील सूक्ष्म जीवांवर सोंपवीत असे. पुढें जर्मनींतील हौशी मंडळींनीं त्यास फेस काढणाऱ्या यंत्राची व तीव्र दिव्यांची जोड दिली. ऑस्ट्रेलियांत टाउन्सव्हिल येथें १९८७ सालीं उघडलेल्या मत्स्यालयांतील प्रवाळाची टाकी तर पंचवीस लाख लिटरांची होती. आमच्या विद्यार्थ्याची टाकी अवघी एक हजार लिटरांची. पण नियम तेच.

जागा आणि भार

त्याची टाकी १८० सेंटिमीटर लांब, ७५ रुंद व ७५ उंच आहे. विद्यार्थ्यांनीं हा गुणाकार करून पाहावा: कांठोकांठ भरल्यास १,०१२ लिटर पाणी मावेल. समुद्राच्या पाण्याचें एक लिटर सुमारें १.०२५ किलोग्रॅम भरतें. म्हणजे पाण्याचेंच वजन १,०३७ किलोग्रॅम झालें. कांच १९ मिलिमीटर जाड आहे. जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरास एका चौरस मीटरचें वजन अडीच किलोग्रॅम. या हिशेबानें तळ व चार बाजू मिळून कांचेचें वजन सुमारें २४६ किलोग्रॅम होतें. त्यांत खडक व वाळू शंभरावर. एकूण भार चौदाशें किलोग्रॅमच्या आसपास, आणि तो सारा सवा चौरस मीटरहून थोड्या अधिक जागेवर! म्हणजे दर चौरस मीटरास हजार किलोग्रॅमहून अधिक. आपल्याकडे राहत्या घराची जमीन माणसें व सामानसुमान यांसाठीं साधारणतः दर चौरस मीटरास दोनशें किलोग्रॅम भार धरून बांधतात. म्हणून वरच्या मजल्यावर अशी टाकी स्थापत्यशास्त्रज्ञाच्या सल्ल्यावांचून ठेवणें म्हणजे शेजाऱ्याच्या डोक्यावर संकट टांगणें होय. आमच्या विद्यार्थ्यानें तळघर निवडलें तें याचसाठीं. तेथें टाकीखालीं जमीनच आहे.

टाकीचा चौथरा त्यानें जाड लांकडी चौकटीचा केला. गवंडी जसा थरावर पाणसळ ठेवून पाहतो, तसें चौथऱ्याच्या चारही कडांवर पाणसळ ठेवून त्यानें तो समतल केला. एक कोपरा जरी खालीं राहिला, तरी सर्व ताण त्या बाजूच्या सांध्यावर येतो. त्यानें समोरच्या कांचेवरील पाण्याचा दाबही आम्हांस काढून दाखविला. सरासरी खोली ३७.५ सेंटिमीटर धरल्यास दर चौरस मीटरास ३८४ किलोग्रॅम, आणि कांचेचें क्षेत्रफळ १.३५ चौरस मीटर. म्हणजे ती एक कांच सुमारें ५१९ किलोग्रॅमचा रेटा रात्रंदिवस सोसते. सांधे सिलिकोन नांवाच्या रबरासारख्या पदार्थानें जोडलेले असतात. ते पुरते सुकल्यावर टाकी साध्या पाण्यानें भरून त्यानें एक आठवडा नुसती ठेविली, व रोज सांध्यांवरून कोरडा कागद फिरविला. कागद ओला झाला नाहीं, तेव्हांच पुढचें काम.

पाण्याची फेरी

मोठ्या टाकीखालीं एक लहान टाकी असते. वरच्या टाकीचें पाणी कांठाशीं कोरलेल्या सांडव्यांतून नळीनें खालीं उतरतें, तेथें स्वच्छ होतें आणि पंपानें पुन्हां वर चढतें. रचना सोपी दिसते. पण एक परीक्षा राहते. वीज गेली तर काय? पंप थांबतो, आणि वर पाणी नेणारी नळीच वक्रनलिका बनून वरचें पाणी खालीं ओढूं लागते. खालची टाकी भरलेली असेल तर तें पाणी खोलीभर पसरेल. यास उपाय दोन. त्या नळीस पाण्याच्या पृष्ठभागाच्या किंचित् खालीं एक लहान छिद्र ठेवावें. पातळी छिद्राखालीं जातांच त्यांतून हवा शिरते व वक्रनलिकेचें कार्य थांबतें. शिवाय खालच्या टाकींत तेवढें पाणी मावेल इतकी जागा नेहमीं मोकळी असावी. आमच्या विद्यार्थ्यानें जीव सोडण्यापूर्वीं दहा वेळां मुद्दाम वीज बंद करून पाहिली. "सर, चूक व्हायची ती रिकाम्या टाकींत होऊं द्यावी," असें तो म्हणाला. हें वाक्य आम्हीं वहींत टिपून घेतलें.

पाणी करणें

नळाचें पाणी येथें चालत नाहीं. त्यांतील क्लोरीन, व क्वचित् नळांतून येणारें तांबें, प्रवाळास विषच आहे. म्हणून सूक्ष्म पडद्यांतून गाळून जवळजवळ निव्वळ केलेलें पाणी घ्यावें आणि त्यांत समुद्रक्षार मिसळावे. स्वयंपाकाचें मीठ पुरत नाहीं. समुद्राच्या शंभर भाग क्षारांत तें पंचाऐंशीच्या आसपास असतें. बाकीचे मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादिकांचे क्षार. समुद्राच्या एका लिटरांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. तेव्हां हजार लिटरांस ३५ ते ४० किलोग्रॅम मिश्रण लागतें.

येथें एक गमतीचा प्रश्न उद्भवतो. समजा, टाकींतून रोज दहा लिटर पाणी वाफ होऊन उडतें. त्याच्या जागीं कोणतें पाणी घालावें, खारें कीं गोडें? पुष्कळांचें उत्तर चुकतें. आपल्या मिठागरांत पाणी उडून मीठ मागें राहतें, हें सर्वांनीं पाहिलें आहे. तसेंच येथेंही होतें. सात दिवस पाणी घातलेंच नाहीं तर खारेपणा ३५ वरून ३७ च्या वर जाईल; आणि खारें पाणी घातलें तर तो दर आठवड्यास वाढतच जाईल. म्हणून गोडेंच पाणी घालावें, आणि तें रोज थोडें थोडें घालावें.

सहा आठवड्यांची रिकामी टाकी

आतां खडक मांडावयाचे. ते सच्छिद्र असावे व एकमेकांवर असे रचावे कीं मधून पाणी खेळेल. खडक तयार, पाणी तयार, दिवे तयार. मग प्रवाळ व मासे कां सोडूं नयेत? आमच्या विद्यार्थ्यानें प्रथम हीच घाई केली होती. त्याची पहिली टाकी तीनशें लिटरांची होती. दहाव्या दिवशीं त्यानें तींत सहा मासे व चार प्रवाळ सोडले. तेराव्या दिवशीं सर्व मेले. तो सांगत होता, "मी कामावरून आलों. पाणी गढूळ, मासे तरंगत होते. बायकोनें विचारलें, कशानें मेले? मला उत्तर देतां येईना." आमच्या बरणीची गोष्ट आम्हीं त्यास तेव्हां सांगितली. दोन्हीं ठिकाणीं मारेकरी एकच होता.

त्याचें नांव अमोनिया. मासा श्वासाबरोबर तो टाकतो. उरलेलें अन्न कुजलें तरी तो होतो. समुद्र अफाट म्हणून तेथें तो जाणवत नाहीं; टाकींत तो सांचतो. निसर्गानें त्यावर उपाय योजिला आहे. एका जातीचे सूक्ष्म जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचें नायट्रेट. हें पहिल्यापेक्षां पुष्कळ सौम्य. रशियन शास्त्रज्ञ विनोग्रादस्की यानें १८९० च्या सुमारास हे जंतु वेगळे करून दाखविले. पुढें खडकाच्या पोटांत, जेथें प्राणवायु फार थोडा पोंचतो, तेथें तिसरे जंतु नायट्रेटचा नायट्रोजन वायु करून सोडून देतात. हे मजूर टाकींत आपोआप येतात. पण त्यांची वस्ती वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर माशाच्या खाद्याची चिमूट टाकून पाण्याची परीक्षा करीत राहावें. प्रथम अमोनिया चढतो. मग तो उतरून नायट्राइट चढतें. शेवटीं दोन्ही शून्यावर येतात. त्यानंतरच पहिला जीव सोडावा. दुसऱ्या वेळीं आमच्या विद्यार्थ्यानें पुरे नऊ आठवडे रिकाम्या टाकीपुढें खुर्ची टाकून काढले.

फेस, लाट व उजेड

खवळलेल्या समुद्राच्या कांठीं पिंवळसर फेस सांचलेला आपण पाहतों. पाण्यांतील कित्येक सेंद्रिय द्रव्यें हवेच्या बुडबुड्यास चिकटतात, त्यांचाच तो फेस. खालच्या टाकींत एक उभें नळकांडें असून त्यांत बारीक बुडबुडे सोडतात. फेस वर चढून एका भांड्यांत पडतो. तें भांडें रोज धुवावें लागतें, आणि त्याचा वास घेतला म्हणजे पाण्यांतून काय निघालें हें निराळें सांगावें लागत नाहीं.

प्रवाळ जागचा हलत नाहीं. अन्न व प्राणवायु त्याच्याकडे चालत यावे लागतात. म्हणून टाकींत निराळे पंप लावून, दर तासास टाकीच्या वीसपट किंवा त्याहून अधिक पाणी हलेल असे प्रवाह उत्पन्न करतात. तेही एका दिशेनें नव्हेत, तर लाटेप्रमाणें उलटसुलट. उजेडासाठीं हल्लीं एल.ई.डी. दिवे वापरतात. पाण्यांत खोल जावें तसा तांबडा प्रकाश आधीं नाहींसा होतो व निळा सर्वांत खोल पोंचतो. म्हणून प्रवाळांतील शेवाळांस निळा प्रकाश विशेष मानवतो. दिवे रोज आठ ते दहा तास, ठराविक वेळीं, हळूहळू उजळत व हळूहळू मंदावत जातील असे लावतात. पाण्याची उष्णता २५ ते २७ अंशांच्या दरम्यान स्थिर हवी. न्यू जर्सींत हिवाळ्यांत पाणी तापवावें लागतें. आपल्याकडे तेंच थंड करण्याचें यंत्र लागेल.

चुन्याची निवळी

प्रवाळ वाढूं लागला कीं तो पाण्यांतील चुना खातो. समुद्रांत लिटरास ४०० मिलिग्रॅमहून थोडें अधिक कॅल्शियम असतें. टाकींतील प्रमाण रोज घटत जातें. तें भरून काढण्याची एक रीत अशी आहे कीं ती ऐकून आमच्या विद्यार्थ्यांस हंसूं येईल. प्रयोगशाळेंत आपण बाटलींत फुंकर मारून जी पांढरी करतों, तीच चुन्याची निवळी! पीटर विल्केन्स या अभ्यासकानें जर्मन भाषिक हौशी मंडळींत हिचा प्रसार केला. एका लिटर पाण्यांत जेमतेम दीड ग्रॅम चुना विरघळतो. वरचें स्वच्छ पाणी थेंब थेंब टाकींत सोडतात, आणि तेंही बहुधा रात्रीं. कारण रात्रीं शेवाळें काम थांबवितात, पाण्यांत कर्बवायु सांचतो व आम्लता वाढते. निवळी ती आम्लता मोडते आणि चुनाही पुरविते. मात्र निवळी फार तीव्र असते. बाटली एकदम ओतली तर टाकी एका तासांत मरेल.

इतकें झाल्यावर जीव. तेही महिन्यास एक-दोन. आमच्या विद्यार्थ्याच्या टाकींतील बहुतेक प्रवाळ समुद्रांतून काढलेले नाहींत. आपण जास्वंदीची फांदी तोडून शेजाऱ्यास देतों, तशी तेथील हौशी मंडळी आपल्या प्रवाळाची बोटभर फांदी कापून एकमेकांस देतात. ती खडकास चिकटवली कीं वाढूं लागते. मासे त्यानें टाकींतच पैदा झालेले घेतले, कारण समुद्रांतील शोभेचे मासे पकडण्यासाठीं फिलिपाईन्स व इंडोनेशियाच्या किनाऱ्यांवर कित्येकांनीं खडकांत सायनाइड फवारलें आहे, हें त्यास ठाऊक होतें. प्रत्येक नवा मासा महिनाभर वेगळ्या टाकींत ठेवून, निरोगी ठरल्यावरच तो मोठ्या टाकींत सोडतो.

मग आपण काय करावें?

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे वगैरे जीवांचा समावेश झाला. वाघास जें संरक्षण आहे तेंच यांस. म्हणून खडक रचणारा प्रवाळ शाळेंत वा घरीं ठेवणें आपणांस मना आहे, व तें योग्यच आहे. कच्छचें आखात, मन्नारचें आखात, लक्षद्वीप व अंदमान-निकोबार हीं आपल्या प्रवाळांचीं मुख्य स्थानें. आपल्या महाराष्ट्रासमोरही मालवणजवळ प्रवाळ आहेत. तेथील सागरी अभयारण्य १९८७ सालीं जाहीर झालें. विजयदुर्गापासून दूर पश्चिमेस समुद्रांत बुडालेला एक विस्तीर्ण प्रवाळउंचवटा असून त्यास कान्होजी आंग्रे यांच्या नांवावरून आंग्रिया बँक म्हणतात. ही आपली ठेव आहे. किनाऱ्यावर प्रवाळाचा मेलेला तुकडा सांपडला तरी तो तेथेंच राहूं द्यावा, अशी आमची सर्व मुलांस व त्यांच्या पालकांस विनंति आहे.

परंतु नकार देऊन शिक्षकाचें काम संपत नाहीं. त्या मुलाच्या डोळ्यांतील उत्सुकता विझवण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. म्हणून मुख्याध्यापकांच्या संमतीनें आम्हीं प्रयोगशाळेच्या तळमजल्यावरील खोलींत दोनशें लिटरांची एक टाकी मांडली आहे. तींत प्रवाळ नाहीं व मासाही नाहीं. खारें पाणी, विकत घेतलेले कृत्रिम सच्छिद्र दगड, एक पंप आणि एक दिवा इतकेंच. नववीच्या पांच मुलांची तुकडी रोज मधल्या सुटींत पाण्याची परीक्षा करते व आंकडे वहींत लिहिते. वही त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलाकडे आहे. पाणी स्थिर झालें, आणि परीक्षा व सुट्या यांतही टाकी कोण सांभाळील याची यादी नांवांनिशीं पुरी झाली, तरच पैदास केलेल्या विदूषक माशांची एक जोडी आणावयाची. अशा माशांची पैदास करण्याची रीत आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनें सिद्ध केली आहे. समुद्रास त्यासाठीं हात लावावा लागत नाहीं.

पहिल्या आठवड्यांत दुसऱ्या वर्गांतील मुलें डोकावून विचारीत, "यांत आहे काय?" आमचीं मुलें ओशाळत. आतां तीं ओशाळत नाहींत. विचारणाऱ्यास आंत बोलावून वही दाखवितात. हा लेख छापावयास देतेवेळीं तेविसावा दिवस आहे. अमोनिया गेल्या सोमवारपासून उतरूं लागला असून नायट्राइट चढत आहे. काल तो मुलगा आम्हांस म्हणाला, "सर, अजून तीन आठवडे तरी कांहीं आणायचें नाहीं." आम्हीं त्याच्या वहींत तारखेखालीं सही केली.